कृती विचारू नका, सण विचारा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी चकली तेलात सोडली आणि ती तिथेच विरघळली. कढईच्या तळाशी तांबूस चुरा, वर नुसता फेस. सासूबाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच केलं होतं: चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी तेलाचं मोहन. मी दोन्ही एकाच वाटीने मोजलं. मोहनाची वाटी वेगळी असते, देवघराच्या फळीवरची ती लहान पितळी, हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. इंदूरच्या रामबागेतल्या त्या घरात ते सगळ्यांना ठाऊकच होतं. पुढे मी दोन्ही वाट्या पाण्याने मोजल्या. मोठी २१० मिलिलिटरची, लहान ११० ची. म्हणजे मोहन जवळजवळ दुप्पट पडलं होतं, आणि मोहन दुप्पट झालं की चकली तेलात अंग धरत नाही.

त्या चुऱ्यानंतर मी वही घातली. आजवर तीन झाल्या: सासूबाईंची, माझ्या आईची आणि ग्वाल्हेरच्या आत्याची. "यंदा आजीचं सगळं लिहून घ्यायचंच" असं ठरवून पहिल्याच रविवारी ज्यांचं घोडं अडतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी इंदूरची, म्हणून उदाहरणं इंदूरची.

एकच सण घ्या, आणि दिवाळी घेऊ नका

सगळे दिवाळीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. त्या दिवसांत घरात चार शेगड्या पेटलेल्या, सांगणारीचे पाय दुखत असतात, आणि आठ पदार्थ एकमेकांवर आदळतात. त्या गर्दीत कागद-पेन घेऊन उभी राहणारी सून किंवा नात कुणालाही नकोशी होते. आमच्याकडे तर मला "बाजूला हो गं, तेल उडेल" एवढंच ऐकायला मिळायचं.

लहान सण घ्या. माझ्या मते सुरुवातीला सगळ्यांत सोपी चंपाषष्ठी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवसांचं खंडोबाचं नवरात्र, आणि षष्ठीला वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, पातीचा कांदा. खंडोबा हे होळकरांचंही कुलदैवत, त्यामुळे हा दिवस इंदूरच्या मराठी घरांत बराच टिकून आहे. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं अनेक घरांत त्या दिवशी पहिल्यांदा पानात येतं. दोन-तीनच पदार्थ, तळण नाही, दुपारपर्यंत सगळं आटोपतं. तळी भरतात त्यात काय काय ठेवतात (ताम्हनात खोबरं, सुपारी, भंडारा, विड्याची पानं, घरागणिक थोडा फरक) तेही त्याच पानावर लिहून होतं.

दुसरी सोय चैत्रगौरीची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत जवळजवळ महिना मिळतो. हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं. एकदा चुकलं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या घरी हळदीकुंकू असतंच. डाळ किती भरड वाटायची यावर चार बायकांची चार मतं तिथल्या तिथे मिळतात, ती सगळी लिहून घ्या.

गौरी-गणपती आणि दिवाळी दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पदार्थाचं नाव काढू नका, दिवसाचं काढा

"आई, पुरणपोळी कशी करायची?" असं विचारलंत की उत्तर येतं, "त्यात काय, डाळ शिजवायची, गूळ घालायचा." संपलं. पन्नास वर्षांचं काम दोन वाक्यांत. हात लपवाछपवी करत नाहीत, त्यांना शब्दच सापडत नाहीत.

त्याऐवजी असं विचारून पाहा: "गौरी जेवायच्या त्या दिवशी तुमच्याकडे पहाटे पहिल्यांदा चुलीवर काय चढायचं?" मग गोष्ट सुरू होते. आधी पुरणाची डाळ, कारण तिचा कट काढून आमटीला लागतो. मग खिरीसाठी दूध आटायला. सोळा भाज्या आदल्या रात्रीच निवडून ठेवलेल्या, त्या सोळा कुठल्या यावर मोठ्या जावेशी झालेला वाद. पोळ्या सगळ्यांत शेवटी, कारण नैवेद्याला गरम हव्यात. बघता बघता पदार्थांचा क्रम, प्रमाण, माणसं किती होती, लाटायला कोण बसायचं, सगळं बाहेर पडतं. पुरणपोळीची खरी युक्तीही, म्हणजे पुरण गरम असतानाच वाटायचं आणि कणीक तासभर तेलात मुरवायची, अशाच गप्पांत मध्येच निसटून येते.

काही प्रश्न माझ्या उपयोगी पडले. पानात डावीकडे काय काय असायचं? त्या दिवशी घरात काय चालत नसे? कुठला पदार्थ पुरुष करायचे? (श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून फिरवणं हे आमच्या सासऱ्यांचं काम होतं, आणि त्याबद्दल विचारल्यावर ते पहिल्यांदाच वहीत आले.) उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी काय व्हायचं? या शेवटच्या प्रश्नाला मी फार मानते. शिळ्या पोळीचा कुस्करा कुणी सणाचा पदार्थ म्हणून सांगत नाही, पण मुलांना आठवतो तोच.

आणखी एक. नैवेद्याचं जेवण देवाला दाखवण्याआधी चाखत नाहीत. म्हणजे मीठ जिभेने ठरतच नसे, ते हाताने, वासाने आणि रंगाने ठरायचं. म्हणून "चव बघून घाल" हे वाक्य या वह्यांमध्ये निरुपयोगी आहे. कुठली खूण बघून हात थांबतो, तेवढं विचारा.

सोवळ्याचे नियमही लिहा. मी स्वतः ते पाळत नाही आणि माझ्या मुलीने पाळावेत असंही वाटत नाही. पण ओल्या साडीत स्वयंपाक करणाऱ्या बाईने भाकरी थापावी का पोळी लाटावी, हे कधी कधी त्या नियमानेच ठरलेलं असतं.

भांडी मोजा

घरातल्या सगळ्या "वाट्या" टेबलावर मांडा. कुठली वाटी कशाची ते त्यांनाच विचारा. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वाटीच्या तळाला चिकटवा. पळी, फुलपात्र, डाव, तांब्या, सगळ्यांना हेच. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढची वीस वर्षं पुरतं.

मूठ आणि चिमूट मोजायला वेगळी युक्ती. त्यांच्या हातात काटा देऊ नका, त्या बिचकतात आणि हात आखडतो. मिठाचा डबा आधी तोलून ठेवा आणि त्यांचं काम झाल्यावर परत तोला. ४१२ चा ४०३ झाला, म्हणजे ९ ग्रॅम मीठ गेलं. हळद, तिखट, गूळ, तूप, सगळ्याच डब्यांना हे लागू पडतं. घालणाऱ्याला कळतही नाही.

जुन्या वहीत शेर, पावशेर, छटाक सापडले तर घाबरू नका. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर २३३, छटाक ५८. देशात किलो-ग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले, त्यामुळे त्याच्या आधी संसाराला लागलेल्या बायकांच्या वह्या याच मापांत असतात, आणि पुष्कळजणी पुढेही त्याच मापांत विचार करत राहिल्या. एक खोच मात्र आहे. महाराष्ट्रात धान्य मापानेही मोजत: चार शेरांची पायली. माझ्या सासरचे मूळ साताऱ्याकडचे, त्यांच्या सर्वांत जुन्या कागदांतला शेर मापाचा आहे आणि नंतरच्या, इंदुरात लिहिलेल्या कागदांतला वजनाचा. एकाच घरात दोन शेर! म्हणून कागद कुठल्या गावात लिहिला होता ते आधी बघा.

आधी बघा, मग त्यांच्यासमोर चुका

पहिल्या खेपेला फक्त उभं राहायचं. फोन लावायचा तर वरून, हातांवर, चेहऱ्यावर नको. चेहऱ्यावर कॅमेरा आला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साडी नीट करतात, हिंदीत बोलायला लागतात आणि पदार्थ बिघडतो. मध्ये मध्ये "का" विचारू नका. घड्याळाकडे लक्ष ठेवा: झाकण किती वेळ, गॅस कधी बारीक.

दुसऱ्या खेपेला तुम्ही करा आणि त्यांना स्टुलावर बसवा. "आई, तुम्ही नुसतं बसून बघा, चुकलं की सांगा." खरी कृती इथे मिळते. जे त्यांना सांगता आलं नव्हतं ते रागावताना येतं.

अनारशांनी मला हे शिकवलं. सांगायची कृती सोपी आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कपड्यावर पसरायचे. कुटून किंवा दळून पीठ बारीक चाळायचं, पिठाच्या साधारण वजनाइतका गूळ किसून मळायचा, गोळा डब्यात चार-पाच दिवस ठेवायचा. मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून तुपात एकाच बाजूने तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं.

हे सगळं पाठ असूनही माझे अनारसे तीनदा बिघडले. पहिल्यांदा मी तांदूळ खडखडीत वाळवले. आई पिठात बोट घालून म्हणाल्या, "हे तर भाकरीचं पीठ झालं. मूठ वळली पाहिजे, आणि मूठ उघडली की फुटली पाहिजे." तो ओलसरपणा कुठल्याच पुस्तकात मला ग्रॅममध्ये सापडला नव्हता, त्यांच्याकडे मात्र मूठ होती. दुसऱ्यांदा तुपात टाकल्यावर अनारसा जाळीजाळीने पसरून फुटला. त्याला आमच्याकडे "अनारसा हसला" म्हणतात. आई हसल्या नाहीत. बाजूला राखून ठेवलेलं कोरडं पीठ त्यांनी चमचाभर मळून घेतलं आणि पुढचा नीट आला. तर असं पीठ आधीच थोडं राखून ठेवायचं असतं, हे वाक्य त्या दिवशी वहीत आलं, आणि उलट गोळा घट्ट होऊन अनारसा दगड झाला तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा मळायचा, हेही.

तिसरी चूक हवेची होती. २०२३ साली अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची आमच्याकडे रीत, आणि ते जुलै-ऑगस्टमध्ये पडलं. बाहेर मालव्याचा, म्हणजे आमच्या इंदूरकडचा, पाऊस, तांदूळ वाळेनात. दुसऱ्या दिवशी वास यायला लागला, ते फेकले. परत भिजवले आणि या वेळी पंख्याखाली पातळ पसरून दर तासाला हात फिरवला, तेव्हा जमले. दिवाळीतली कोरडी हवा आणि श्रावणातली, यांत वाळवण्याच्या वेळेचा अर्ध्याहून जास्त फरक पडतो. म्हणून कृतीच्या शेजारी महिना लिहीत जा.

चकलीसाठी सोऱ्याची जाळीही वहीचा भाग आहे. आमची पितळी जाळी जाड भोकाची, तिच्यातली चकली मंद आचेवर जास्त वेळ तळावी लागते. बर्तन बाजारात आता मिळणारी जाळी बारीक आहे आणि तिला तेवढाच वेळ दिला तर चकली जळते. जाळी कागदावर ठेवून पेन्सिलने भोकाचा आकार काढून ठेवला आहे.

सामान आणायला जाताना

वहीतले शब्द आणि इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानातले शब्द वेगळे. भगर मागितलीत तर दुकानदार बघत राहील, मोरधन म्हणा. डिंक म्हणजे गोंद, ओवा म्हणजे अजवाइन, मेथ्या म्हणजे मेथीदाना, गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे पत्थरफूल. पोह्यांत चिवड्याचे पातळ आणि नाश्त्याचे जाड हा फरक आधीच सांगा, नाहीतर इंदुरात जाडच मिळतील, ते सकाळी नाश्त्याला पोहे खाणारं शहर आहे. अनारशांना नवा तांदूळ नको, जुना मागा. मसाल्याचे सुटे जिन्नस मारोठिया बाजारात बरे. कोकम आणि तिरफळ पुण्याकडून येणाऱ्या नातेवाइकाच्या पिशवीतून येतात, अजूनही. वहीत प्रत्येक जिनसाच्या पुढे कंसात दुकानातलं नाव लिहा. आमच्या मुलांना मराठी येतं, पण खरेदी हिंदीतच होते.

मालवा खोडू नका

आता एक भांडण. अशा वह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळजण "मूळ" कृती शोधतात आणि इंदुरात आल्यावर शिरलेलं सगळं काढून टाकतात. मला हे पटत नाही. चार पिढ्या इथे गेल्यावर इथलं तेही आपलंच.

आमच्या चिवड्यात शेवटी जीरावन, म्हणजे इंदूरकडे पोह्यांवर घालतात तो मसाला, भुरभुरतात. पुण्याच्या जावेला ते विचित्र वाटतं, पण माझ्या सासऱ्यांच्या आईनेही तसंच केलेलं आहे. फराळाच्या ताटात चकलीशेजारी लौंग सेव (लवंगेची शेव) असते आणि ती विकतची असते, घरी कुणी करत नाही. हेही लिहा: कुठला जिन्नस कधीच घरी होत नव्हता. ओला नारळ इथे कोकणासारखा हाताशी नव्हता, त्यामुळे आमच्या भाज्यांत दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं जास्त. श्रावण-भाद्रपदात कणसं येतात आणि मक्याचा कीस होतो, दुधात शिजवलेला. सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, भुट्टे का कीस आणि आमचा, यांत फोडणीचा तेवढा फरक. थंडीत गराडू, म्हणजे तळून मसाला घातलेला कंद. रंगपंचमीला राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) बघून येणाऱ्यांसाठी आमच्याकडे दहीवडे असतात, कारण कुणी अकराला येतं, कुणी तीनला, आणि दहीवड्याला वाट बघायला लागत नाही. कुठल्याही सणाच्या पुस्तकात रंगपंचमीचे दहीवडे नसतील. आमच्या वहीत त्यांना पूर्ण पान आहे.

सांगणारं कुणी उरलं नसेल तर

तर कागद शोधा. पाककृतीची वही सापडेलच असं नाही, पण वाण्याची यादी सापडते. "दिवाळी: बेसन ५, रवा ३, साखर ८, तूप ४" अशी एक यादी हाती आली तर त्यातून किती लाडू, किती करंज्या याचा हिशोब मागे मागे जात बांधता येतो. लग्नाच्या रुखवताच्या याद्या, कुलाचाराच्या वह्या, पंचांगाच्या मार्जिनमधल्या नोंदी, डब्यांवरची जुनी नावं. मग आजीच्या बहिणी, नणंदा, शेजारणी. तीन जणींना वेगवेगळं विचारा आणि एकमेकींचं उत्तर सांगू नका. जिथे तिघींचं जुळतं तो घराचा हात. जिथे जुळत नाही तिथे तिन्ही लिहा.

स्मरण कमी झालेल्या माणसाला विचारून थकवू नका, परात आणि कणीक समोर ठेवा. माझ्या आत्याला माझं नाव आठवत नव्हतं तेव्हाही चिरोट्याची पोळी तिने साटा (तूप-पिठाचा लेप) लावून बरोबर वळली.

लिहिताना

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या. डावीकडच्या पानावर कृती, उजवं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर पुढच्या वर्षीच्या चुका येतात. प्रत्येक कृतीच्या वर चार गोष्टी: कुणाच्या हातची, किती माणसांसाठी, कुठल्या भांड्यात, कुठल्या महिन्यात. आई आणि आत्या यांच्यात मतभेद असेल तर निवाडा करू नका, दोन्ही ठेवा. "रवाळ", "खरपूस", "मऊसूत" असे शब्द वापरा, पण सोबत खूण द्या. पाक एकतारी म्हणजे बोट आणि अंगठा दूर केल्यावर एक तार निघते आणि तुटते. रवा खमंग म्हणजे वास शेजारच्या खोलीत पोचतो.

मग वही अशा माणसाच्या हाती द्या ज्याने तो पदार्थ होताना कधीच पाहिलेला नाही, आणि फोन जवळ ठेवा. माझी भाची बंगळूरला असते, तिला चकलीचं पान पाठवलं. एका दुपारी तिचे पाच फोन आले. उकड काढायचं पाणी किती गरम? भाजणी वेगवेगळी भाजायची की एकत्र? तीळ कधी? चौथा फोन असा: "मामी, पीठ 'कानाच्या पाळीइतकं मऊ' लिहिलंयस. कुणाच्या?"

आई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिला सांग, स्वतःच्या. आणि हात धुऊन घे म्हणावं."

दोन्ही वाक्यं उजव्या पानावर लिहिली आहेत. पाचवा फोन तिने जाळीबद्दल केला होता.